पोपटाचं पिल्लू चावतंय? हात मागे ओढण्याआधी हे वाचा

पिल्लाची चोच बोटाला लागली म्हणजे ते चावलं असं नाही. पोपट चढताना चोच तिसऱ्या पायासारखी वापरतो आणि नव्या दांडीवर पाय टाकण्याआधी ती हलते का, हे चोचीने बघतो. तुमचं बोट त्याच्या लेखी दांडीच. नेमकं इथेच बिघडतं: चोच पुढे आली की माणूस हात झटकन मागे घेतो, पिल्लाचा तोल जातो आणि पुढच्या वेळी ते बोट घट्ट पकडतं. म्हणून हात स्थिर ठेवा. बोट आडवं, पायांच्या किंचित वर, पोटाच्या खालच्या भागाजवळ धरा आणि त्याला स्वतःहून चढू द्या. पोटावर ढकलू नका.

खरा चावा सहसा सूचना दिल्याशिवाय येत नाही. पिल्लू मागे झुकतं, अंग आक्रसून पिसं चपटी करतं किंवा मानेची पिसं फुलवतं, शेपटी पंख्यासारखी पसरतं, चोच उघडी ठेवतं, बुबुळं लहानमोठी होतात. (बुबुळं आनंदातही तशी होतात, त्यामुळे एकट्या डोळ्यांवरून ठरवू नका.) यातलं काही दिसलं की हात तिथेच थांबवा आणि सावकाश दूर न्या. याने पिल्लू डोक्यावर बसेल अशी भीती अनेकांना वाटते. उलट आहे. साध्या खुणेने हात थांबतो हे कळलं की त्याला चावायची गरज उरत नाही. खुणा दुर्लक्षित राहिल्या, तर ते खुणा करणंच सोडून थेट चावतं, आणि असा पोपट सुधारायला फार वेळ लागतो.

शिकवायची सुरुवात हाताने नको, काडीने करा. वीतभर लांब, गुळगुळीत, रंग न लावलेली लाकडी काडी घ्या. पिल्लू शांत राहील इतक्या अंतरावर ती धरा. चोचीने टोकाला स्पर्श केला की लगेच ‘शाब्बास’ म्हणा आणि खाऊ द्या. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. खाऊ अगदी लहान हवा: सोललेल्या सूर्यफुलाच्या बीचा अर्धा तुकडा किंवा राळ्याचे चार-पाच दाणे, आणि तो रोजच्या वाटीत घालायचा नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं पुरे. काडीमागे चालायला लागलं की काडी हाताच्या पलीकडे धरा, म्हणजे ते बोटावरून जाईल. उपाशी ठेवून शिकवू नका. पिल्लू अजून भरवण्यावर असेल तर हा सराव ते स्वतः नीट खायला लागल्यावरच सुरू करा.

खेळताना चोचीचा दाब वाढला तर हळू आवाजात ‘हळू’ म्हणा आणि चघळायला जाड पुठ्ठ्याचा किंवा कच्च्या लाकडाचा तुकडा पुढे करा. तरीही जोरात चावलं तर काही न बोलता त्याला जवळच्या दांडीवर किंवा टेबलावर ठेवा, दहा-पंधरा सेकंद पाठ फिरवा, मग एखादं सोपं काम करून घेऊन खाऊ द्या. पिंजऱ्यात परत नेऊ नका; त्याला तिथेच जायचं असेल, तर चावलं की घरी जाता येतं एवढंच ते शिकेल.

चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, ओरडणं, हात हलवून पाडणं हे कधीच करू नका. ओरडण्याची काही पिल्लांना गंमत वाटते, बाकीच्यांना हाताची भीती बसते. सवय सुटताना चावणं काही दिवस वाढू शकतं; घरातल्या एकानेही त्या दिवसांत धीर सोडला तर सगळं लांबतं.

पिंजऱ्यात हात घालून पिल्लाला बाहेर ओढू नका. दार उघडून काडीने बोलवा. कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान. रात्रीची झोप 10 ते 12 तास, अंधारात आणि शांततेत. पिसं झडून नवी येत असतात तेव्हा ती कोंबासारखी टोकदार आणि हळवी असतात, त्या दिवसांत स्पर्श कमी करा. चावणं पूर्ण आटोक्यात येईपर्यंत पिल्लू खांद्यावर नको, चेहरा तिथून फार जवळ असतो.

शांत पिल्लू एकाएकी चावू लागलं आणि सोबत खाणं घटलं, विष्ठा बदलली, किंवा ते पिसं फुलवून बसून राहिलं, तर सराव थांबवून त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तुम्हाला जखम झाली तर साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा. चावा खोल असेल किंवा सूज वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा.