कापूर हुंगून लेहची हवा दाट होत नाही

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर परवा लडाखच्या सामानाची यादी फिरली. थर्मल, टॉर्च, ग्लुकोज, आणि शेवटी ठळक अक्षरांत : 'भीमसेनी कापूर, प्रत्येकी एक पुडी. वर ऑक्सिजन कमी असतो, हुंगत राहायचं.' खाली एकाने लिहिलं, 'दर रविवारी राजहंसगड चढतोय की आपण, आपल्याला काय होतंय!' ही दोन्ही वाक्यं बेळगावापासून खानापूर-निपाणीपर्यंत इतक्या वेळा ऐकली आहेत, की आता लिहायलाच हवं.

पहिली गोष्ट : लेहच्या हवेतही ऑक्सिजन बेळगावएवढाच असतो, शंभरात जवळपास २१ भाग. एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. घरात वाकळांची चळत रचलेली असते, तिच्यातली तळाची वाकळ सगळ्यांच्या भाराने दबून घट्ट होते आणि वरची सैल राहते. हवेचंही तसंच. गेल्या खेपेला बेळगावातून नेलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट मी लेहला बॅगेतून काढलं, तर ते उशीसारखं टम्म फुगलं होतं. आतली हवा बेळगावची होती आणि बाहेरून तिला दाबणारी लेहची.

आकड्यांत सांगायचं तर समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका, बेळगावच्या साडेसातशे मीटर उंचीवर सुमारे ६९५ आणि लेहच्या ३५०० मीटरवर सुमारे ४९५. श्वासनलिकेत शिरताच हवा ओली होते, त्या वाफेचे ४७ मिलिमीटर वजा करायचे. उरलेल्याचे २१ टक्के म्हणजे ऑक्सिजनचा दाब : बेळगावात १३६, लेहमध्ये ९४. ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात ढकलला जातो तो या दाबानेच. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघून दिल्लीमार्गे लेहला उतरणारा माणूस दोन दिवसांतच त्यातला जवळजवळ एकतृतीयांश गमावतो.

लेहमधल्या पहिल्या रात्री माझ्या शेजारी झोपलेल्या मित्राचा श्वास थांबला. चार-पाच खोल श्वास झाले आणि मग एकदम शांतता. मी घड्याळ धरून मोजत होतो. अकरा सेकंदांनी त्याने बुडणाऱ्या माणसासारखा मोठा श्वास घेतला, परत चार-पाच श्वास, परत शांतता. पलीकडचा तिसरा गडी उठून बसला, ''अरे, ह्याचा श्वास बंद पडला की!'' रात्रभर हेच चाललं होतं. सकाळी मित्र म्हणाला, झोप बरी झाली नाही, बाकी काही नाही.

मला सगळ्यात आवडतं ते इथलं शरीरशास्त्र. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी मानेत जिथे दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढं एक इंद्रिय असतं, कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन उतरला की ते मेंदूला कळवतं आणि श्वास वाढतो. पण वाढलेल्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो. हा वायू पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल होतो. तो घटला की रक्ताची आम्लता घटते. मेंदूच्या तळाशी दुसरा पहारेकरी बसलेला असतो, त्याचं लक्ष मुख्यतः या आम्लतेवर. तो म्हणतो, पुरे, थांबा. झोपेत त्याचाच हुकूम चालतो आणि श्वास खरोखर थांबतो. थांबला की ऑक्सिजन आणखी उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि मानेतला पहारेकरी ओरडतो. त्यात फुप्फुसातलं रक्त या दोघांपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, म्हणून दोघांनाही बातमी उशिराच मिळते. लॉजवरच्या अनोळखी गिझरचा नळ फिरवताना पाणी कधी कढत येतं, कधी गार, तसंच हे.

हे भांडण मिटवतात मूत्रपिंडं. खाण्याच्या सोड्यात असतो तोच बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. मग रक्ताची आम्लता पूर्वपदावर येऊ लागते, दुसऱ्या पहारेकऱ्याची मनाई सैल होते आणि श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. काम काही तासांत सुरू होतं, पण त्याला दिवस लागतात. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ट्रेकर्सच्या ओळखीचं डायमॉक्स हे औषध, याच कामाला वेग देतं. म्हणूनच ते घेतल्यावर लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात आणि सोडावॉटर बेचव लागतं. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कापूर या साखळीत कुठेच बसत नाही. त्याने नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना चेव येतो आणि हवा जास्त आल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत कापूर, लवंग आणि ओव्याच्या पुरचुंड्या हुंगत माणसांनी दवाखान्यात जायला उशीर केला, ते आपण पाहिलं आहे. पहाडातही धोका तोच : डोकं ठणकत असताना कापूर हुंगून बरं वाटलं, म्हणून माणूस आणखी वर चढतो.

राजहंसगडाचंही तसंच. दमसास वेगळा आणि विरळ हवेची सवय वेगळी. १९६२ च्या युद्धाच्या काळात धडधाकट जवान घाईने उंचावर न्यावे लागले आणि त्यातले अनेक आजारी पडले. पुढे १९६९ साली भारतीय लष्करी डॉक्टरांनी उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या या आजाराच्या १९२५ जवानांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही या विषयातला पायाचा मानतात. आपल्या कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये घडलेला जवान केवढा काटक असतो ते बेळगावकराला सांगायला नको. पण ९ ते १२ हजार फुटांवर पाठवताना लष्कर त्यालाही आधी सहा दिवस सवय करायला लावतं. आणि आपला ग्रुप म्हणतो, लेहला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खार्दुंग ला, म्हणजे लेहहूनही कितीतरी उंचावरची खिंड!

लेहमध्ये निदान दोन-तीन दिवस थांबा. ३००० मीटरच्या वर रोज झोपण्याची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम तिथेच ठेवा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जाणं बंद. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येत असेल, तर फुप्फुसात पाणी भरतंय. जोडीदार बरळायला लागला तर त्याला टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज आली आहे असं समजा. दोन्ही वेळी सकाळची वाट न बघता, ऑक्सिजन असेल तर तो लावून, आजाऱ्याला त्याच रात्री खाली न्या.