गुरुवारी दहा वाजता थांबणारा संदेश

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठल्यावर आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पातळीची नोंद दिवसभर पुन्हा पुन्हा येते म्हणून कोणी घाबरत नाही. मागच्या नोंदीपेक्षा पाणी किती चढले किंवा उतरले, एवढेच आपण पाहतो. सर्व्हरच्या लॉगकडे, म्हणजे यंत्र स्वतःच्या कामाची जी वेळवार नोंदवही लिहीत असते तिच्याकडे, मात्र इतक्या समजुतीने पाहिले जात नाही. एकच ओळ शेकडो वेळा दिसली की कोणी म्हणते व्हायरस शिरला, कोणी म्हणते यंत्र जुने झाले, आणि काम चालू असेल तर बहुतेक जण ती ओळ वाचणेच सोडून देतात.

या लॉगची पद्धत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रणालीसाठी बसवली आणि पुढे ती जवळजवळ सर्वत्र रूढ झाली. तीत प्रत्येक संदेशाला ० ते ७ यांपैकी एक गांभीर्यांक मिळतो. पंचगंगेच्या उलट इथे आकडा जितका लहान तितका धोका मोठा: ० म्हणजे आणीबाणी, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे निव्वळ माहिती. हा अंक संदेश लिहिणारा प्रोग्राम स्वतः ठरवतो, आणि त्याला फक्त आपल्यापुरते दिसत असते. त्यामुळे खरी अडचण कधीकधी ६ क्रमांकाच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या ओळींत महिनोन्‌महिने पडून राहते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी हे प्रत्यक्ष पाहिले. उसाच्या वजनकाट्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये पुढील ओळ हजारो वेळा आलेली होती: ‘डीएचसीपीरिक्वेस्ट ऑन ईथ-झिरो टू १०.०.५.२ पोर्ट ६७’. दर दहा-पंधरा सेकंदांनी एक, असे तासन्‌तास चालायचे आणि मग आपोआप थांबायचे. काट्यावरच्या मंडळींनी एक गोष्ट हेरली होती. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयात दत्ताची आरती होते आणि नेमके त्याच वेळी संदेश थांबतात. त्यांनी हे मला पूर्ण विश्वासाने सांगितले, आणि त्यांचे निरीक्षण खरे होते. पुढचे दोन गुरुवार मी स्वतः लॉग उघडून बसलो, आणि दोन्ही वेळा दहाला एक-दोन मिनिटे असतानाच ओळी थांबल्या.

आता ती ओळ काय म्हणते ते पाहू. जाळ्यावरच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या, प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागतो. हे पत्ते हाताने वाटण्याऐवजी एक सेवा ते वाटते, तिचे नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, थोडक्यात डीएचसीपी. तिचे आज पायाभूत मानले जाणारे नियम राल्फ ड्रोम्स यांनी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २१३१ या दस्तऐवजात मांडले. या सेवेकडून पत्ता कायमचा मिळत नाही, तो भाडेपट्ट्याने मिळतो. आपण घर ११ महिन्यांच्या कराराने घेतो तसाच हा प्रकार असला, तरी एक महत्त्वाचा फरक आहे. संगणक करार संपण्याची वाट पाहत नाही. मुदत निम्मी सरली की तो नूतनीकरण मागायला लागतो. या क्षणाला टी-१ म्हणतात. तरीही उत्तर आले नाही तर मुदतीचे सात अष्टमांश सरल्यावर, म्हणजे टी-२ ला, तो मागण्याची रीतच बदलतो.

या रीतबदलातच सगळी गंमत आहे. टी-१ नंतर संगणक आपला पत्ता देणाऱ्या सर्व्हरलाच थेट, नाव घालून पत्र पाठवावे तशी विनंती पाठवतो. काट्याच्या लॉगमधली ओळ अशाच विनंतीची नोंद होती: ईथ-झिरो म्हणजे काट्याच्या सर्व्हरची जाळ्याशी असलेली जोडणी, १०.०.५.२ म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, आणि पोर्ट ६७ म्हणजे तिथला या सेवेचा दरवाजा. टी-२ नंतर मात्र तो दवंडी पिटतो: ‘ऐकणाऱ्या कोणीही मला या पत्त्याची मुदत वाढवून द्यावी.’ दवंडी गावाच्या वेशीबाहेर ऐकू जात नाही, तशी ही हाकही आपल्या स्थानिक जाळ्यापलीकडे जात नाही. म्हणून जिथे पत्ते वाटणारा सर्व्हर दुसऱ्या जाळ्यात असतो, तिथे मधल्या स्विचवर, म्हणजे जाळी जोडणाऱ्या यंत्रावर, रिले नावाची सोय करतात. हा रिले जुन्या काळच्या गावकोतवालासारखा असतो. तो दवंडी ऐकतो, निरोप स्वतःच्या नावाने पलीकडे पोहोचवतो आणि उत्तर आणून देतो.

कारखान्यात पत्त्याचा भाडेपट्टा २४ तासांचा, म्हणजे ८६,४०० सेकंदांचा होता. टी-२ येत होता ७५,६०० सेकंदांनी, म्हणजे बरोबर २१ तासांनी. काट्याचे जाळे आणि मुख्य कार्यालयाचे जाळे यांच्यामध्ये नव्याने एक फायरवॉल, म्हणजे कोणता निरोप जाऊ द्यायचा हे नियमांनुसार ठरवणारी चौकी, बसवली होती. रिलेचा निरोप जाऊ देण्याचा नियम तिच्यात होता, पण काट्याच्या सर्व्हरचे थेट पत्र ६७ क्रमांकाच्या पोर्टवर जाऊ देण्याचा नियम कोणी लिहिला नव्हता. परिणामी टी-१ पासूनची प्रत्येक विनंती वेशीवर अडत होती. २१ तास भरले की काट्याचा सर्व्हर दवंडी पिटायचा, कोतवाल निरोप न्यायचा, मुदत वाढून मिळायची, आणि संदेश थांबायचे.

आता मुदत २१ तासांनी नवी होत असेल, तर थांबण्याची वेळ रोज ३ तास अलीकडे सरकायला हवी. मी एका कागदावर आठवडाभराच्या वेळा उतरवल्या: गुरुवारी सकाळी १०, शुक्रवारी सकाळी ७, शनिवारी पहाटे ४, रविवारी मध्यरात्रीनंतर १ आणि पुन्हा रविवारीच रात्री १०, सोमवारी संध्याकाळी ७, मंगळवारी दुपारी ४, बुधवारी दुपारी १, आणि गुरुवारी सकाळी पुन्हा १०. आठवड्याचे तास १६८ आणि २१ गुणिले ८ बरोबर १६८, म्हणून आठ फेऱ्यांनंतर घड्याळ त्याच वाराला त्याच वेळेवर परत येत होते. लॉग उघडला जायचा फक्त गुरुवारी सकाळी, आठवड्याचा अहवाल काढताना. बुधवारी दुपारी एकलाही संदेश थांबत होते, पण ते पाहायला कोणी नव्हते आणि तेव्हा आरतीही नव्हती. आरती श्रद्धेने करावी, त्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. पण दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून त्यांच्यात कार्यकारण जोडायचे असेल, तर त्यांतली एक नसताना दुसरी घडते का, हे आधी पाहिलेच पाहिजे. हीच पारख ‘आमचे सॉफ्टवेअर लावा, ते लॉग स्वतः वाचून दोष शोधील’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यांच्या बाबतीतही सोडू नये. इथली ओळ ६ क्रमांकाची होती, आणि जाळ्यात नेमके काय आहे हे माहीत नसलेल्या कोणालाही ती निरोगीच वाटली असती.

संदेशांची सुरुवात मात्र अशा ठरावीक हिशेबाने होत नव्हती, आणि त्यामागेही विचार आहे. वीजकपातीनंतर वीज परत आली की शेकडो संगणक एकदमच चालू होतात. सर्वांनी निम्म्या मुदतीच्या अचूक सेकंदाला नूतनीकरण मागितले, तर पत्ते देणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक वेळी तशीच झुंबड उडेल. म्हणून या वेळा मुद्दाम थोड्या मागेपुढे कराव्यात असे आरएफसीतच सांगितले आहे, आणि आमच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम टी-१ पुष्कळच अलीकडे ओढत असे, त्यामुळे तो नवव्या आणि बाराव्या तासाच्या दरम्यान कधीही पडे. उत्तर न मिळाल्यास किती थांबावे, याचाही नियम सुंदर आहे: टी-२ पर्यंत जितका वेळ उरला असेल त्याच्या निम्मा वेळ थांबावे, मात्र ६० सेकंदांपेक्षा कमी नाही. बाराव्या तासाला पहिली विनंती गेली तर पुढची साडेचार तासांनी, नंतरची सव्वादोन तासांनी, अशा नऊ तासांत साधारण दहाच विनंत्या होतात. आमचा प्रोग्राम हा नियम पाळत नव्हता, म्हणून दहाच्या जागी हजारो ओळी झाल्या. पण त्या आवाजामुळेच ही गोष्ट नजरेला आली. नियमाप्रमाणे दहाच ओळी असत्या तर मीही त्या ओलांडून पुढे गेलो असतो.

काम चालू असताना हे का सोडवायचे, असे मला विचारले गेले. त्याचे उत्तर आधीच घडून गेले होते. गळीत हंगामातल्या एका रविवारी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत दोन इमारतींमधली केबल तुटलेली होती. रात्री एकला दवंडी सुरू झाली, पण कोतवालाची पलीकडची वाटच बंद होती. पहाटे चारला चोवीस तास भरले आणि नियमाप्रमाणे काट्याच्या सर्व्हरने आपला पत्ता सोडून दिला. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग काट्यापासून रस्त्यापर्यंत गेली आणि दोष केबलच्या माथी मारला गेला. नूतनीकरण बाराव्या तासाच्या आत होत असते, तर हाताशी निदान बारा तास राहिले असते. प्रत्यक्षात तीनच उरले होते, आणि हे कोणाला ठाऊकही नव्हते.

खात्रीसाठी मी फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना टीसीपीडम्प नावाचा प्रोग्राम लावला. तो जाळ्यावरून जाणारी-येणारी माहितीची पाकिटे जशीच्या तशी दाखवतो. काट्याच्या बाजूला दर बारा सेकंदांनी एक विनंती दिसत होती आणि पलीकडे एकही पोहोचत नव्हती. त्यानंतर फायरवॉलमध्ये एका ओळीचा नियम घातला.

पुढच्या गुरुवारी आरतीच्या वेळी मी काट्यावरच होतो. डीएचसीपीची शेवटची नोंद पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांची होती: एक रिक्वेस्ट, त्याच सेकंदाला तिची पोच, आणि खाली ‘पुढील नूतनीकरण ३८,११७ सेकंदांनी’ अशा अर्थाची एक ओळ. दहा वाजता लॉगमध्ये काहीच आले नाही.