बोकडाचे पाय आधी कुणाचे? मद्यदेवाच्या रानसोबत्यांची पार्श्वभूमी

ग्रीक पुराणातला सॅटर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो शिंगांचा, बोकडाच्या पायांचा, पावा वाजवणारा रानगडी. युरोपातल्या चित्रांनी हे रूप इतके पक्के केले आहे की ते मुळापासूनचेच वाटते. पण अथेन्सच्या जुन्या भांड्यांवर सॅटरची शेपटी घोड्याची आहे, कानही घोड्याचे. बोकडाचे पाय त्याला फार उशिरा मिळाले. ते कुठून आले हे शोधायचे तर आधी त्याच्या धन्याकडे, मद्यदेव डायोनायससकडे जावे लागते.

डायोनायसस झ्यूसचा मुलगा. आई थीब्जची राजकन्या सेमेली. झ्यूसचे खरे तेज पाहण्याचा हट्ट तिने धरला आणि ती विजेने जळून गेली. पोटातले अपुऱ्या दिवसांचे पोर झ्यूसने आपल्या मांडीत शिवून वाढवले. पुढे ते निसा डोंगरावरच्या निम्फांनी, म्हणजे रानावनातल्या आणि झऱ्यांवरच्या देवींनी, सांभाळले. हा देव बाहेरून, थ्रेस किंवा आशियातून आला असे खुद्द ग्रीकच सांगत आणि एकोणिसाव्या शतकातल्या अनेक अभ्यासकांनीही तेच धरले होते. 1952 साली मायकेल व्हेंट्रिसने लिनिअर बी, म्हणजे ग्रीक भाषेची फार जुनी लिपी, उलगडली आणि पायलॉसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवर ‘दि-वो-नु-सो’ हे नाव वाचता आले. क्रीटमधल्या खानियाच्या एका पाटीवर तर झ्यूस आणि डायोनायसस या दोघांना मध अर्पण केल्याची नोंद आहे. या पाट्या इ.स.पू. तेराव्या शतकातल्या. म्हणजे होमरच्या कितीतरी आधी हा देव ग्रीकांच्या घरचाच होता. त्याला परका ठरवले ते त्याच्या वागण्याने, असे मला वाटते. बायकांना घराबाहेर काढून डोंगरावर नाचायला लावणारा देव कुणाला आपला म्हणवेल?

त्याच्या सोबत्यांचे एक फार देखणे चित्र फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. फ्रान्स्वा कलश म्हणतात ते हे 66 सेंटिमीटर उंचीचे भांडे इ.स.पू. 570च्या सुमारास अथेन्समध्ये घडले. वाइनमध्ये पाणी मिसळायचे हे भांडे. निव्वळ वाइन पिणे ग्रीकांना रानटीपणाचे वाटे. कलशावर डायोनायसस पुढे चालला आहे आणि त्याने दारू पाजून वळवलेला लोहारदेव हिफेस्टस मागे खेचरावर बसला आहे. त्यामागे तिघे रानगडी: एकाच्या पाठीवर वाइनची भरलेली पखाल, दुसरा जोडपावा फुंकतोय, तिसऱ्याने एका निम्फेला उचलून घेतले आहे. शेजारी ‘सायलीन’ असे नावच लिहिले आहे, आणि पाय चक्क घोड्याचे. सायलीन आणि सॅटर ही आधी निरनिराळी नावे असावीत. पुढे सॅटर तरुण आणि सायलीनस म्हातारा, टकला, देवाचा पालक, अशी वाटणी झाली. 1900 साली एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात लाकडी स्टूल फेकून या कलशाचे 638 तुकडे केले. तो पुन्हा जोडला गेला, हे आपले भाग्य.

अथेन्सच्या डायोनायसिया उत्सवात नाटककार तीन शोकांतिका सादर करी आणि त्यांच्या मागून एक सॅटरनाट्य, म्हणजे सॅटर बनून गाणाऱ्यांचे नाटक. संपूर्ण हाती लागलेले एकच, युरिपिडीसचे ‘सायक्लॉप्स’. त्या नाटकांतले गाणारे कसे सजत, ते इ.स.पू. 400च्या सुमारच्या प्रोनोमोस कलशावर दिसते: कमरेला केसाळ चड्डी, तिला शिवलेली घोड्याची शेपटी, हातात दाढीवाला मुखवटा.

बोकडाचे पाय होते पॅनचे. आर्केडियाच्या डोंगराळ मुलखातला हा धनगरांचा देव. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या लढाईआधी स्पार्टाची मदत मागायला धावत निघालेल्या दूताला वाटेत पॅन भेटला आणि ‘अथेन्सवाले माझी पूजा का करत नाहीत?’ असे त्याने विचारले. विजयानंतर अथेन्सने अॅक्रोपोलिस या आपल्या टेकडीच्या उतारावरची एक गुहा त्याला दिली. पुढच्या काळात तोही डायोनायससच्या मेळ्यात शिरला आणि हळूहळू त्याचे पाय सॅटरांच्या अंगाला आले.

रोमनांनी हा गोंधळ पुरता केला. त्यांचा स्वतःचा मद्यदेव होता लिबर, रानदेव होता फॉनस. लिबरला त्यांनी बॅकस म्हणजे डायोनायसस मानले, फॉनसला पॅन, आणि फॉन, म्हणजे रोमनांचे रानगडी, व सॅटर एकच होऊन बसले. इ.स.पू. पहिल्या शतकात ल्युक्रेशियस आणि होरेस हे दोघेही रोमन कवी सॅटरांना सरळ ‘बोकडपाये’ म्हणतात.

त्याआधी, इ.स.पू. 186 मध्ये, रोमच्या सीनेटने बॅकसच्या गुप्त पूजांवर कठोर बंधने घातली होती. त्या हुकुमाचा काशाचा पत्रा दक्षिण इटलीत सापडला. आज तो व्हिएन्नात आहे. त्यात पूजा पुरती बंद केलेली नाही. परवानगी हवी, सीनेटमध्ये निदान 100 सदस्य हजर असताना घेतलेली, आणि एका वेळी पाचच भक्त: दोन पुरुष, तीन बायका. देवाला हात लावायची हिंमत सीनेटलाही झाली नाही. जमावाची मात्र भीती वाटली.

पॉम्पेईत 1830 साली एका प्रशस्त वाड्यात काशाची छोटी मूर्ती निघाली आणि वाड्याला ‘फॉनचे घर’ हे नाव पडले. शिंगे आहेत, मागे इवलीशी शेपटी आहे, दोन्ही हात वर करून तो नाचतो आहे. पाय मात्र माणसाचे, टाचा उचललेले.