निळ्या बाळांचं रक्त

हृदयात दोष घेऊन जन्मलेल्या, ओठ आणि नखं निळी दिसणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १२ आलं की घरच्यांना हायसं वाटतं. शेजारच्या धडधाकट मुलाचंही तेवढंच असतं. पण निळ्या बाळाला १२ पुरत नाही. त्याचं शरीर धडपडून १७-१८ पर्यंत जायला हवं होतं. ते गेलं नाही, म्हणजे बहुधा लोह कमी पडलं. हे कळायला वैद्यकाला बराच काळ लागला.

१८८८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉक्टर आर्थर फालो यांनी या 'निळ्या आजारा'मागची चार हृदयदोषांची सांगड स्पष्ट केली. आज आपण तिला 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' म्हणतो. दोनच वर्षांनी फ्रेंच संशोधक फ्रान्स्वा व्हिओ पेरूच्या उंच डोंगरात, मोरोकोचाला गेले आणि तिथे त्यांनी स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या. विरळ हवेत तीनेक आठवड्यांत हा आकडा घनमिलिमीटरमागे ५० लाखांवरून ८० लाखांच्या आसपास गेला. निळ्या बाळाचं तेच होतं. ते समुद्रकाठी राहत असलं तरी त्याचं रक्त डोंगरावरचं असतं, कारण अशुद्ध रक्ताचा काही भाग फुप्फुसांत न जाता थेट शरीरात मिसळतो. प्राणवायू कमी पडल्याचं मूत्रपिंडाला कळतं आणि ते एरिथ्रोपोएटिन सोडून तांबड्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला कामाला लावतं. हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात हाती यायला १९७७ साल उजाडलं.

१९१९ मध्ये डॅनिश डॉक्टर क्रिस्टन लुंड्सगार्ड यांनी दाखवलेली गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतल्या डेसिलिटरभर रक्तात सुमारे ५ ग्रॅम हिमोग्लोबिन प्राणवायूविना असेल, तेव्हा कुठे त्वचा निळी दिसते. मुळात हिमोग्लोबिनच कमी असेल, तर प्राणवायू धोकादायक पातळीला उतरूनही मूल निळं न दिसता फिकट दिसेल. ॲनिमिया घरोघरी आढळतो अशा आपल्याकडे ही गोष्ट विसरून चालणार नाही. नुसत्या रंगावर विसंबू नये, बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावावा.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन ब्लॅलॉक, बालहृदयतज्ज्ञ टॉसिग आणि ब्लॅलॉक यांचे प्रयोगशाळेतले सहायक व्हिव्हियन थॉमस यांच्या कल्पनेतली निळ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया झाली. फुप्फुसांकडे जास्त रक्त वळवलं की रंग सुधारतो आणि दाट झालेलं रक्तही हळूहळू पातळ होतं. पण ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नव्हती, त्यांचं रक्त वारंवार काढून टाकण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. दाट रक्ताने मेंदूत गुठळी होईल, ही भीती त्यामागे होती आणि हेतू चांगलाच होता. मात्र तांबड्या पेशींच्या दर मिलिलिटरबरोबर सुमारे १ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं. त्यामुळे पेशींची संख्या भरपूर, पण प्रत्येक पेशी लहान आणि हिमोग्लोबिनला उणी, अशी अवस्था होते. पक्षाघात झालेल्या लहान मुलांत लोहाची कमतरता वारंवार आढळू लागली. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या जोसेफ पर्लॉफ यांच्या गटाने अशा प्रौढ रुग्णांचा अभ्यास मांडला. नुसता हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, वाढला म्हणून पक्षाघात टाळण्यासाठी रक्त काढण्याला त्यात आधार मिळाला नाही. आता दाटपणाची ठळक लक्षणं असतील आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं नसेल, तरच तो विचार होतो. लोहाचं औषधही बेताने, रक्त तपासत द्यावं लागतं, कारण हिमोग्लोबिन झपाट्याने चढू शकतं.

रक्त एवढं दाट असूनही या मुलांना रक्तस्राव होतो, हे आईवडिलांना चक्रावून टाकतं. रक्त गोठवायला लागणाऱ्या प्लेटलेट तयार होण्याचं काही काम फुप्फुसांत होतं आणि इथे रक्ताचा एक भाग फुप्फुसांना वळसा घालून जातो. म्हणून त्यांची संख्या घटते, असं एक स्पष्टीकरण आहे. हृदयदोष असूनही निळी न पडणारी मुलंही यातून सुटत नाहीत. अरुंद झडपेतून किंवा भोकातून रक्त जोरात घुसतं, तेव्हा रक्त गोठायला मदत करणाऱ्या फॉन विलेब्रांड प्रथिनाचे मोठे रेणू तुटतात. १९८६ मध्ये हृदयदोष असलेल्या मुलांत हे दाखवलं गेलं आणि दोष दुरुस्त केल्यावर ते रेणू परतलेही.

यात एक फसगत मात्र नळीतली आहे. रक्त गोठण्याच्या तपासणीच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त नळीत गोठू न देणारं द्रावण), हे प्रमाण साध्या रक्तासाठी ठरवलेलं आहे. हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांवर गेला की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, कमी उरतो, सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला खोटाच उशीर दिसतो. अशा मुलासाठी नळीतलं सायट्रेट आधी कमी करावं लागतं. त्यासाठी मूल निळं आहे आणि त्याचा हिमॅटोक्रिट किती आहे, हे रक्त घेण्याआधीच लॅबला कळवावं लागतं.