गाजराच्या रसाने न्यूरोब्लास्टोमा बरा होत नाही

‘लहान मुलांच्या एका कॅन्सरवर डॉक्टरच व्हिटॅमिन ए देतात, मग किमो कशाला? गाजराचा रस पाजा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात सत्याचा कण आहे, म्हणूनच तो जास्त घातक.

न्यूरोब्लास्टोमा हाच तो कॅन्सर. तो अर्धवट वाढलेल्या मज्जापेशींपासून (नर्व्ह सेल्सपासून) होतो, बऱ्याचदा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत. या पेशी परिपक्व होत नाहीत, नुसत्या वाढत सुटतात. १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं, की व्हिटॅमिन एपासून बनणारं रेटिनॉइक ॲसिड दिल्यावर अशा पेशींना लांब धागे फुटतात, त्या मज्जापेशींसारख्या दिसू लागतात आणि त्यांचं विभाजन मंदावतं. मला हे आजही विलक्षण वाटतं.

पण मुलांना देतात ते आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे रेटिनॉइक ॲसिडचाच एक प्रकार आणि तीव्र मुरुमांवरचंच औषध, इथे मात्र बऱ्याच मोठ्या डोसमध्ये. तेही जास्त धोक्याच्या गटातल्या मुलांना; किमो, शस्त्रक्रिया, स्टेम सेल प्रत्यारोपण, रेडिएशन झाल्यावर, लपून राहिलेल्या पेशींसाठी. साधारणपणे दोन आठवडे औषध, दोन आठवडे सुट्टी, अशा सहा फेऱ्या. ओठ फुटतात, रक्तातलं कॅल्शियम आणि चरबी वाढू शकते, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर मोजकंच व्हिटॅमिन ए बनवतं. रस कितीही पाजा, कातडी पिवळी पडेल, गाठ नाही विरघळणार. व्हिटॅमिन एच्या गोळ्या मनाने देणं तर आणखी वाईट: यकृताला इजा होते, डोक्यातला दाब वाढतो. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना तर त्या बिलकूल देऊ नका.