‘वी’ची लाट आणि ओहोटी : न खेळणाऱ्यांना कन्सोल विकण्याचा हिशेब

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या घरगुती कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांची, विक्री दर पिढीला घसरत होती. एनईएस ६.१९ कोटी, सुपर एनईएस ४.९१ कोटी, निन्टेन्डो ६४ ३.२९ कोटी आणि गेमक्यूब जेमतेम २.१७ कोटी. सोनीच्या प्लेस्टेशन २ ने तेवढ्यात दहा कोटी ओलांडले होते. २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेल्या सातोरू इवाता यांनी त्याच गिऱ्हाइकांसाठी भांडत बसण्यापेक्षा मुळात न खेळणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. त्याची चुणूक आधी डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर दिसली : २००५ मध्ये ‘निन्टेन्डॉग्ज’ (कुत्र्याचं पिल्लू पाळायचा गेम) आणि ‘ब्रेन एज’ (मेंदूच्या व्यायामाचा) आले, आणि एरवी गेमच्या वाटेलाही न जाणारी प्रौढ मंडळी ते विकत घेऊ लागली.

नोव्हेंबर २००६ मध्ये ‘वी’ हा कन्सोल आला; त्याचा रिमोट हातात धरून हात हलवला की गेम खेळता येई. अमेरिकेत किंमत २५० डॉलर, सोबत ‘वी स्पोर्ट्स’ फुकट. त्याच आठवड्यात आलेला प्लेस्टेशन ३ ५०० आणि ६०० डॉलरला होता, आणि तरीही सोनी प्रत्येक यंत्रामागे पदरचे पैसे घालत होती. यंत्र तोट्यात विकायचं आणि पुढे गेमवर वसूल करायचं, ही या धंद्याची जुनी रीत. वर्षाला एखादाच गेम घेणाऱ्या गिऱ्हाइकावर ती चालत नाही. निन्टेन्डोने जुन्याच धाटणीची स्वस्त चिप वापरली, एचडी चित्र सोडून दिलं आणि यंत्रावरच नफा ठेवला. नवा प्रेक्षक परवडला तो यामुळे.

नवखेपणाचा फटका मात्र लगेच बसला. ‘वी स्पोर्ट्स’मधल्या बोलिंगमध्ये रिमोटचं बी बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना बटण सोडायचं. नवशिके बटणाऐवजी रिमोटच सोडत! मनगटाची दोरी तुटून रिमोट टीव्हीवर आदळू लागले. डिसेंबर २००६ मध्येच कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायचं जाहीर केलं. दोरीची जाडी ०.६ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर झाली. पुढच्या वर्षी रिमोटवर सिलिकॉनचं जाड कव्हर चढलं. दुसरी तक्रार असायची पडद्यावरचा बाण उड्या मारतो ही. टीव्हीपाशी ठेवायची पट्टी, म्हणजे ‘सेन्सर बार’, नुसता नावाचा सेन्सर; त्यात फक्त इन्फ्रारेड दिवे असतात, आणि ते पाहून बाणाची जागा ठरवणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी. टीव्हीजवळच्या खिडकीतून ऊन आलं की कॅमेरा गोंधळलाच.

‘वी’ची विक्री मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात २.६ कोटींवर पोचली आणि तीन वर्षांत ९८ लाखांवर आली. ‘वी’वाले गेमच घेत नव्हते, असं सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. एकूण गेम आणि यंत्रं यांचा भागाकार केला तर दर यंत्रामागे नऊच्या आसपास गेम येतात (फुकटचा धरून). अडचण वेगळी होती. सर्वाधिक खपलेल्या गेमच्या यादीचा वरचा भाग निन्टेन्डोच्याच गेमनी भरलेला. त्यातल्या ‘वी प्ले’चे २.८ कोटीही फसवे, कारण तो जादा रिमोटसोबत जेमतेम दहा डॉलर वाढवून मिळायचा. लोक खरं तर रिमोट घेत होते. बाहेरच्या स्टुडिओंचे मोठे गेम एचडी कन्सोलसाठी बनत, ते या यंत्रात मावत नसत. म्हणून नवे गेम आटले, आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या आयफोनच्या ॲप स्टोअरने हलकेफुलके गेम थेट खिशात आणून दिले. २०१२ च्या ‘वी यू’ने नावातच घोळ घातला : टॅब्लेटसारखा कंट्रोलर पाहून अनेकांना ती जुन्या ‘वी’चीच जोडणी वाटली. ‘वी’ची एकूण विक्री १०.१६ कोटी, ‘वी यू’ची १.३६ कोटी.

मायक्रोसॉफ्टनेही हीच वाट धरली. नोव्हेंबर २०१० चा काइनेक्ट, म्हणजे खेळाडूच्या हालचाली टिपणारा कॅमेरा, ६० दिवसांत ८० लाख गेला, तेव्हा तो ऐच्छिक होता. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या कन्सोलसोबत तो सक्तीचा केला आणि किंमत ५०० डॉलर झाली. प्लेस्टेशन ४ होता ४०० ला. नव्या प्रेक्षकासाठीच्या कॅमेऱ्याचे पैसे जुन्या खेळाडूंनी का भरावेत? जून २०१४ मध्ये काइनेक्टविना ४०० डॉलरचा संच आणावा लागला, आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं.