बॉल पायथन किंवा इग्वाना दुसऱ्या गावी न्यायचाय? आधी कागद, मग खोका

बदली झाली. पुण्याचं घर सोडून बंगळुरूला जायचंय. पॅकर्सवाले सोफ्यापासून फ्रिजपर्यंत सगळं उचलायला तयार आहेत, पण काचेच्या टाकीतल्या बॉल पायथनचं (आफ्रिकेतला छोटा अजगर) नाव काढलं की सगळे गप्प. मग शोध सुरू होतो तो एकाच गोष्टीचा: कुठला कुरिअरवाला घेईल? हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. प्राणी कायद्याने तुमचा आहे का, हे आधी कागदावर दिसायला हवं.

देशी की परदेशी?

सगळं इथेच ठरतं. नाग, धामण, मांडूळ, घोरपड, आपला भारतीय अजगर, पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते घरात पाळायला सामान्य माणसाला परवानगी मिळत नाही, त्यामुळे ते कसे पाठवायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘आमच्याकडे लहानपणापासून आहे’, ‘शेतात सापडलं’, ‘कासव घरात असलं की बरकत येते’ यातलं काहीही चालत नाही. मांडुळाने पैसा येतो या खुळापायी तर महाराष्ट्रात कितीतरी जण कोठडीत जाऊन आलेत. अनुसूची १ मधल्या, म्हणजे कायद्यातल्या सर्वात कडक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्याच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं कैद आहे, ती ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि वर दंड. असा प्राणी घरात असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. रात्री नेऊन टेकडीवर सोडू नका. तो पुन्हा वेगळा गुन्हा होऊ शकतो आणि प्राणीही बहुधा जगत नाही.

बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना (हा एक मोठा सरडा) मात्र परदेशी. दोघेही साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणारा करार. भारत १९७६ पासून त्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातल्या प्रजाती आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आल्या आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यामुळे ‘परदेशी प्राण्याला भारतात कायदाच नाही’ हे दुकानदाराचं लाडकं वाक्य आता शिळं झालंय. कॉर्न स्नेकसारखे काही प्राणी साइट्सच्या यादीत नाहीत, पण त्यांचीही खरेदीची पावती जपून ठेवा. रस्त्यात पेटी उघडायला लावणाऱ्या शिपायाला अनुसूची पाठ नसते.

नोंदणी: कोणी, कुठे, काय घेऊन

अनुसूची ४ मधला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने नोंदणी करायची. २८ फेब्रुवारी २०२४ ला यासाठीचे नियम आले. त्याआधीपासून प्राणी असलेल्यांना ६ महिने मिळाले होते, ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता नवीन प्राणी हातात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची आहे. मुदत चुकलेल्यांनी लपून बसू नये. आधी वन विभागात जाऊन परिस्थिती लेखी मांडावी. खोका पकडला गेल्यावर मांडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

अर्ज ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, पण त्यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. अर्जाला बसण्यापूर्वी स्वतःचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, प्राण्याचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, लिंग आणि अंदाजे वय, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक, आणि प्राणी कुठून आला याचा कागद हाताशी ठेवा. प्रजातीचं शास्त्रीय नाव अचूक भरा. ‘अजगर’ एवढंच लिहिलंत तर गोंधळ तुम्हीच ओढवून घेतलात, कारण भारतीय अजगर अनुसूची १ चा आणि तुमचा पायथन रेजियस, म्हणजे बॉल पायथन, अनुसूची ४ चा.

लोकांची खरी अडचण ‘कुठून आला’ या रकान्यात होते. जून २०२० मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना काढली होती. त्या वेळी मुदतीत जाहीर केलेल्या प्राण्यांना कागद मागितले गेले नाहीत. तेव्हाची पोचपावती असेल तर ती सोन्यासारखी जपा.

प्राणी कुणाला देऊन टाकत असाल तर देणारा आणि घेणारा दोघांनीही हस्तांतर कळवायचं असतं. पिल्लं झाली तर तेही कळवायचं. साइट्सच्या परिशिष्ट १ मधल्या प्रजातींची पैदास करायची असेल तर वेगळा परवाना लागतो.

निघण्यापूर्वीची फाइल

नोंदणी प्रमाणपत्राची छापील प्रत, खरेदीची पावती, ओळखपत्र, आणि नोंदणीकृत पशुवैद्याचा ताजा आरोग्य दाखला. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर मुंबई-पुण्यात मिळतात. लहान गावात शोधावे लागतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी धावपळ नको. राज्याबाहेर जायचं असेल तर वन विभागाला निघण्याची तारीख, मार्ग आणि नवा पत्ता कळवणारं पत्र द्या आणि त्यावर पोचेचा शिक्का घ्या. देशी वन्य प्राणी वाहून नेण्याआधी परवानगी आहे ना, याची खात्री करण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम ४८अ ने वाहतूक करणाऱ्यावर टाकलीय. काउंटरवरच्या माणसाला दोन अजगरांतला फरक कळत नाही आणि त्याने धोका का पत्करावा? तो ‘नाही’ म्हणतो. ही फाइल त्याच्यासाठीच असते.

कशाने न्यायचं

शक्यतो स्वतःच्या गाडीने. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात शे-दोनशे रुपये आणि टेप लावलेला खोका देऊन ‘सकाळी स्वारगेटला माणूस येईल’ सांगण्याची जी पद्धत आहे, ती सोडाच. डिकी इंजिनाशेजारी असते, तिथे हवा कोंडते, आणि काही झालं तर खोका कुणाचाच नसतो. विमानात सोबत नेण्याची सोय आपल्याकडे मुख्यतः कुत्र्या-मांजरांसाठी. साप-सरड्यांना मालवाहतूक विभागातूनच जावं लागतं, तेही विमान कंपनीने आधी लेखी होकार दिला तर. तिथे आयाटाचे (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) जिवंत प्राण्यांसाठीचे नियम लागू होतात: प्रजातीला साजेशी पेटी, पाठवणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र दोन प्रतींत, ‘जिवंत प्राणी’ आणि ‘ही बाजू वर’ ही लेबलं, आणि कधीही लागेल असा फोन नंबर.

खोका

नवख्यांना भीती वाटते ती प्राणी गुदमरेल याची. खरं तर शांत पडलेल्या सापाला हवा फार कमी लागते. चार-सहा छोटी भोकं पुरतात. तो मरतो तापमानाने. त्याचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही की टाकत नाही. खोका तापला की तो तापला. खोक्याच्या आत साधारण २२ ते २७ अंश सेल्सियस राहायला हवं. परदेशातल्या व्हिडिओत हीट पॅक ठेवताना दाखवतात, ते तिकडच्या बर्फासाठी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा हीट पॅक म्हणजे तव्यावर ठेवणं. मार्च ते मे शक्यतो प्रवास टाळा. टाळता येत नसेल तर रात्री निघा, एसी लावा, आणि गार केलेला जेल पॅक वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून झाकणाला चिकटवा, प्राण्याला लागणार नाही असा. गाडी उन्हात लावून जेवायला उतरू नका. पंधरा मिनिटंसुद्धा नाही.

दुसरी चूक मायेपोटी होते: निघताना खाऊ घालणं. पोटात उंदीर असलेला पायथन हादऱ्याने तो ओकतो आणि त्यातून आजारी पडतो. आधीचा किमान आठवडा त्याला काही देऊ नका. इग्वानाला एक-दोन दिवस उपास चालतो. पाणी आदल्या रात्री भरपूर, पण खोक्यात वाटी नाही. ती सांडते आणि ओला प्राणी गारठतो.

सापाला सुती पिशवी. उशीचा जुना अभ्रा उलटा करून वापरा, म्हणजे शिवणीचे धागे बाहेर राहतात आणि दातात किंवा खवल्यात अडकत नाहीत. एका पिशवीत एकच. तोंड पिळून गाठ मारा, गाठीत प्राण्याचा कुठलाही भाग अडकलेला नाही हे हाताने चाचपून बघा. ही पिशवी थर्माकोलचं अस्तर असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि उरलेली जागा चुरगळलेल्या कागदाने भरा. खोक्यात इकडून तिकडे घसरणारा साप घाबरतो, घट्ट गुंडाळून बसलेला झोपतो. इग्वानाला पिशवी नको. शेपूट अडकली तर तो ती तोडून टाकतो. त्याला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा आणि तळाला टॉवेल.

पोहोचल्यावर आधी टाकी गरम करून तयार ठेवा, मग पिशवी उघडा. पाणी लगेच, जेवण पाच-सात दिवसांनी. हात साबणाने धुवा, साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू या प्राण्यांच्या अंगावर असू शकतो.

देशाबाहेर

दुबईला किंवा अमेरिकेला घेऊन जायचंय, तर भारताचा साइट्स निर्यात परवाना लागतो. तो ६ महिनेच चालतो, म्हणून तिकीट त्याच हिशोबाने काढा. तिकडून इथे आणणं आणखी अवघड. परदेशी व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना, साइट्सचे कागद, आरोग्य प्रमाणपत्र आणि विमानतळावरचं क्वारंटाइन हे सगळं लागतं, आणि सामानातून पाळीव प्राणी आणण्याची सवलत सरपटणाऱ्यांना नाही. बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या बॅगांत सापडणारी पिल्लं बातम्यांत येतात ती याच वाटेवरची. तिथला दुकानदार ‘सगळे पेपर आहेत’ म्हणाला, तर ते पेपर मुंबईच्या कस्टमवाल्याला दाखवायला तो सोबत येणार नाही.